धागा तुटल्यावर माग का थांबत नाही?

इचलकरंजीतील किंवा भिवंडीतील साध्या यंत्रमागावर ताण्याचा एखादा धागा तुटला, तर माग आपोआप थांबत नाही. तो चालूच राहतो, आणि तुटका धागा कामगाराच्या नजरेस येईपर्यंत कापडात दोष विणला जातो. कामगाराने तो हेरावा, हाताने माग बंद करावा, धागा सांधावा आणि माग पुन्हा सुरू करावा, अशी या धंद्याची रीत आहे. एका कामगाराकडे चार, सहा, कोठे आठही माग. पाळी बहुधा बारा तासांची. मजुरी विणलेल्या मीटरवर, पिकांच्या हिशेबाने. धागा तुटताच स्वतः थांबणारा आणि चालता चालता रिकामा धोटा बदलून भरलेला धोटा घेणारा माग साकिची तोयोदा यांनी जपानमध्ये १९२४ साली पूर्णत्वास नेला. शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेली ही सुधारणा महाराष्ट्रातील लाखो मागांवर आजही पोहोचलेली नाही. केंद्र सरकारला एकविसाव्या शतकात साध्या मागांना असे थांबते साधन बसविण्यासाठी अनुदानाची योजना काढावी लागली, यातच सारे आले.

हे मागासलेपण कौशल्याच्या अभावातून आले, असे म्हणता येणार नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग १९०४ साली चालविला. संस्थानिक नारायणराव घोरपडे यांचे त्यास उत्तेजन होते. तोयोदांचा माग पूर्णत्वास जाण्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घेऊन, त्यांचे सुटे भाग गावातच ओतून, घडवून ते पुढे कित्येक दशके चालते ठेवणारे कारागीर याच गावात निपजले. मोडके यंत्र चालविण्याची एवढी बुद्धी ज्यांच्या हातात होती, त्यांच्या हातून नवे यंत्र का घडले नाही, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला उद्योगपतींच्या परिषदांतून आणि अर्थखात्याच्या कागदांतून एक ठरीव उत्तर मिळते: कामगार कायद्यांचा जाच फार, संघटनांची अरेरावी फार, म्हणून मालक नवे करण्यास धजत नाही. हे उत्तर खरे असते तर यंत्रमाग हा देशातील सर्वांत पुढारलेला धंदा असावयास हवा होता. या धंद्याइतका कायद्याच्या हाताबाहेर राहिलेला दुसरा मोठा उद्योग शोधून सापडणे कठीण. कारखाना कायद्याची कामगारसंख्येची मर्यादा चुकविण्यासाठी एकाच छपराखालील माग भाऊ, पुतणे आणि मेहुणे यांच्या नावे वाटून दाखविले जातात. हजेरीपट नसतो, भविष्यनिर्वाह निधी नसतो, किमान वेतनाचा आग्रह धरणारा निरीक्षक वर्षानुवर्षे दिसत नाही. मालकाला हवे तेवढे स्वातंत्र्य येथे आहे. ते स्वातंत्र्य असूनही धागा तुटल्यावर माग थांबत नाही. वस्तुतः ते स्वातंत्र्य आहे म्हणूनच तो थांबत नाही. कारण तुटलेला धागा पाहणारे डोळे यंत्रापेक्षा स्वस्त मिळतात.

मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथात यंत्रांविषयी लिहिताना इंग्लंडातील कालव्यांचा दाखला दिला आहे. तेथे नावा ओढण्यासाठी घोड्यांऐवजी स्त्रिया जुंपल्या जात, कारण घोड्याच्या पोषणाला लागणारा खर्च ठरलेला होता आणि गरीब स्त्रीच्या पोषणाला काहीच हिशेब नव्हता. दगड फोडण्याचे यंत्र अमेरिकेत निघाले आणि इंग्लंडने ते वापरले नाही, हेही त्याने नोंदविले, आणि कारण तेच सांगितले. श्रम जेथे कवडीमोल, तेथे यंत्र अडगळ ठरते. भांडवलदार हा स्वभावतःच नव्याचा उपासक असतो, ही समजूत त्याच्या स्तुतिपाठकांनी पसरविलेली आहे. तो नफ्याचा उपासक असतो. नफा जुन्या यंत्रातून आणि उपाशी माणसातून निघत असेल तर नव्याकडे तो ढुंकूनही पाहात नाही.

जपानचा इतिहास याच दृष्टीने वाचला पाहिजे. तेथील कापड गिरण्यांत खेड्यांतून आणलेल्या मुली रात्रपाळीत राबत. त्यांच्या आजारांची आणि मृत्यूंची कहाणी जगभर कुप्रसिद्ध आहे. १९२३ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९२९ च्या जुलैपासून स्त्रियांच्या व मुलांच्या रात्रपाळीवर बंदी आली. रात्रीचे स्वस्त हात गेल्यावर दिवसाच्या तासांतून अधिक उत्पादन काढणे गिरणीवाल्यांना भाग पडले. स्वयंचलित माग आणि सुधारित कताई यंत्रे जपानी गिरण्यांत झपाट्याने आली ती याच सुमारास. त्याच १९२९ साली ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने, म्हणजे ज्यांच्या यंत्रांवर अर्धे जग सूत काढीत होते त्या इंग्रज कारखानदारांनी, तोयोदांच्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. शोषणाची एक वाट कायद्याने बंद केली की दुसरी, अधिक सुसंस्कृत वाट शोधण्यास उद्योग प्रवृत्त होतो, हा धडा जपानच्या कायद्याने दिला. आपल्याकडे कायदा सैल करून नवनिर्मिती येईल अशी आशा दाखविली जाते. ती या अनुभवाच्या नेमकी उलट दिशेची आहे.

मुंबईच्या गिरणीमालकांची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. युद्धकाळातील अमाप नफा त्यांनी यंत्रांत परत घातला नाही. कित्येक गिरण्यांत आजोबांच्या काळचे साचे नातवाच्या हयातीत चालत होते. सरकारी धोरणानेही हातभार लावला: १९५६ नंतर गिरण्यांतील मागांच्या वाढीवर निर्बंध आले, हेतू हातमाग वाचविण्याचा होता, पण हातमागाला मिळालेले संरक्षण यंत्रमागाने चोरवाटेने पळविले, आणि गिरणीमालकही आपले कापड यंत्रमागावर विणवून घेऊ लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा बदली कामगारांना कायम करा आणि प्रातिनिधिक संघटनेची मक्तेदारी देणारा १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, या मागण्या वेतनवाढीइतक्याच महत्त्वाच्या होत्या. तो संप चिरडला गेला. त्यानंतर मालकांना आधुनिकीकरणासाठी मोकळे रान होते. त्यांनी काय केले? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांची जमीन विकण्यास वाट मिळाली. त्यातून आलेला पैसा गिरणीच्या पुनरुज्जीवनासाठी आणि कामगारांची देणी भागविण्यासाठी वापरावा, अशी अपेक्षा होती. जमिनीचे तीन समान भाग शहरासाठी, घरांसाठी आणि मालकासाठी व्हावयाचे होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणगावात मनोरे उभे राहिले. माग कोठे उभा राहिला नाही. कापड विणून जो नफा वीस वर्षांत झाला नसता तो जमीन विकून एका दिवसात होत असेल, तर यंत्रशाळेत डोके घालणारा मालक मूर्खच ठरावयाचा. नवनिर्मितीचा सर्वांत मोठा वैरी कामगार संघटना नसून जमिनीचा भाव आहे, हे मुंबईने सिद्ध केले.

आता दुसरी बाजू. नवे यंत्र किंवा नवी पद्धत ही केवळ संशोधनशाळेतून येते, हा समज अर्धवट आहे. माग कोठे अडतो, बीम कोठे घासते, कोणता स्क्रू दर पाळीला सैल होतो, हे जॉबरला आणि साचेवाल्याला माहीत असते. अभियंत्याला पुष्कळदा नसते. हे ज्ञान कारखान्याच्या कामी यावयाचे तर ते सांगणाऱ्याला भीती नसावी लागते. तोयोदांच्या मोटार कंपनीत १९५० साली मोठी कामगारकपात झाली, कडवा संप झाला आणि अध्यक्ष किइचिरो तोयोदा यांना पद सोडावे लागले. त्या संघर्षातून उरलेल्या कायम कामगारांच्या नोकरीची हमी हा कंपनीच्या व्यवहाराचा पाया झाला. कामगारांकडून सुधारणेच्या सूचना घेण्याची तेथील प्रसिद्ध पद्धत १९५१ साली सुरू झाली, ती या हमीच्या पाठोपाठ. दोष दिसताच दोरी ओढून सारी साखळी थांबविण्याचा अधिकार तेथे साध्या कामगाराला मिळाला. मागाने धागा तुटल्यावर थांबावे, तसे. या कंपनीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सातोशी कामाता या पत्रकाराने तेथे हंगामी कामगार म्हणून राबून जे लिहिले, ते वाचल्यास त्या वेगाची किंमत कोणाच्या शरीराने मोजली हे कळते. परंतु ज्याची नोकरी सुरक्षित आहे तोच आपले काम सोपे करण्याची युक्ती मालकाला सांगेल, एवढे त्या व्यवस्थेला कळले होते. ज्याला उद्याची खात्री नाही तो आपली युक्ती मुठीत ठेवतो, आणि त्यात त्याची चूक काहीही नाही.

इंग्लंडात कामगार याच्याही पुढे गेले होते. लूकस एरोस्पेस या विमानांचे भाग बनविणाऱ्या कंपनीत कपातीचे सावट आले, तेव्हा तिच्या सर्व कारखान्यांतील कामगार प्रतिनिधींनी मिळून पर्यायी योजना तयार करण्याचे ठरविले. त्यांनी आधी सुमारे १८० तज्ज्ञांना व संस्थांना पत्रे पाठविली. उत्तरे आली ती बोटांवर मोजण्याइतकी. मग त्यांनी आपल्याच कामगारांना विचारले: तुमच्या हातांत असलेल्या कौशल्यातून आणि या यंत्रांतून समाजाच्या उपयोगाचे काय बनविता येईल? १९७६ च्या जानेवारीत सुमारे दीडशे उत्पादनांची योजना पुढे आली. त्यात मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे होती, पवनचक्क्या होत्या, उष्णता-पंप होते, रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे चालणारे वाहन होते, विजेवर आणि तेलावर मिळून चालणारे इंजिन होते. आज ज्या वस्तूंच्या मागे जग धावत आहे त्यांपैकी कित्येक या यादीत पन्नास वर्षांपूर्वी होत्या. व्यवस्थापनाने योजना फेटाळली, कारण काय बनवावे हे ठरविण्याचा अधिकार कामगारांना देणे त्याला मान्य नव्हते. वस्तू चांगली की वाईट हा मुद्दा गौण होता. या योजनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक, माइक कूली, यांना १९८१ साली कामावरून काढण्यात आले. मालकी हक्काचा अहंकार नवनिर्मितीच्या आड कसा येतो याचे याहून स्वच्छ उदाहरण नाही.

या पार्श्वभूमीवर भारतातील कारखानदारीचे आजचे चित्र पाहावे. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे ४० टक्के आज कंत्राटी आहेत. शतकाच्या आरंभी हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. चाकण, रांजणगाव, वाळूज येथे एकाच साखळीवर, एकाच यंत्रापाशी, एकच काम करणारे दोन कामगार उभे असतात, आणि त्यांच्या पगारात दुपटीहून अधिक अंतर असू शकते. कंत्राटी मुलगा यंत्राची नाडी ओळखू लागेपर्यंत त्याला घरी पाठविण्याची वेळ येते, कारण त्याहून अधिक ठेवला तर तो कायम होण्याचा हक्क मागेल. शिकलेले हात दरवर्षी दाराबाहेर काढावयाचे आणि मग कौशल्याच्या तुटवड्याबद्दल परिसंवाद भरवावयाचे, असा हा व्यवहार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी यात भरच घातली आहे. कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यांना होते, ते आता ३०० पासून पुढे आहे. आणि ठराविक मुदतीच्या नेमणुकीला राजमान्यता मिळाली आहे.

संशोधनावरील खर्चाचे आकडे याच कथेचा उत्तरार्ध सांगतात. २०२०-२१ साली भारताने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के रक्कम संशोधनावर खर्च केली. चीनचा खर्च अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या जवळ. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे: त्या देशांत या खर्चाचा तीन चतुर्थांश भार उद्योग स्वतः उचलतात, भारतात खासगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडासाच अधिक. खासगी उद्यमशीलतेच्या आरत्या ओवाळणाऱ्यांनी या आकड्याचे उत्तर द्यावे. २०२० पासून चौदा क्षेत्रांसाठी आखलेल्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद झाली, पण प्रोत्साहन मिळते ते प्रामुख्याने वाढीव विक्रीवर. परदेशातून भाग आणावे, येथे जुळवावे, विकावे आणि अनुदान घ्यावे, यास त्या योजनेत पुरेपूर वाव आहे. २०२५ साली संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी जाहीर झाला, तोही खासगी उद्योगांना स्वस्त दराने भांडवल पुरविण्यासाठी. त्या पैशाच्या बदल्यात कायम रोजगाराची एकही अट घालण्याचे धैर्य सरकारला झालेले नाही.

सार्वजनिक धोरण ठाम असेल तर याच देशात काय होऊ शकते हेही इतिहासात आहे. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना १९५४ साली स्थापन झाला, आणि काही वर्षांतच तेथील शास्त्रज्ञ थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधून काढले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी काढून टाकली आणि संरक्षण केवळ बनविण्याच्या प्रक्रियेपुरते ठेवले. तेच औषध निराळ्या प्रक्रियेने बनविण्याची स्पर्धा त्यामुळे लागली, आणि भारतीय रसायनशास्त्रज्ञांची बुद्धी कामाला आली. २००१ साली भारतीय कंपनी सिप्लाने एचआयव्हीवरील तीन औषधांचे मिश्रण रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा भाव त्या वेळी दहा हजार डॉलरच्या पुढे होता. खासगी कंपनीचे हे यश होते खरे; पण ती वाट संसदेने तीस वर्षे आधी खणून ठेवली होती. २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली ती वाट अरुंद करण्यात आली.

छोट्या कारखानदाराचा प्रश्न निराळा आहे आणि चळवळीने त्याला मालक म्हणून झिडकारण्याची चूक करू नये. भोसरीतील लेथवाला किंवा इचलकरंजीतील खर्चीवाला हा पुष्कळदा कालचा कामगार असतो. ड्रॉइंग मोठ्या कंपनीचे, भाव तिचा, आणि दरवर्षी भाव कमी करण्याची मागणीही तिचीच. खर्चीवाल्याला सूत व्यापारी देतो, कापड व्यापारी नेतो. याच्या वाट्याला वीजबिल आणि मजुरी. त्याने बुद्धी लढवून खर्चात बचत केली तरी ती पुढच्या दरपत्रकात कापली जाते. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांची बिले ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन घातले. ते इतके पाळले गेले नाही की अखेर २०२३-२४ पासून आयकर कायद्यात वेगळी तरतूद करून धाक घालावा लागला. ज्याचे पैसे चार महिने अडकून पडलेले आहेत तो नव्या यंत्राचा विचार कोणत्या भांडवलावर करणार?

कामगार चळवळीनेही आपल्याकडे पाहिले पाहिजे. स्वयंचलित माग आले की माणसे कमी होतील, ही भीती पन्नासच्या दशकात खोटी नव्हती, अजूनही नाही. परंतु ‘यंत्र नको’ एवढ्यावर थांबलेल्या संघटनांनी मालकाला एक आयती सबब दिली आणि कामगाराच्या ज्ञानाचा दावा स्वतः सोडून दिला. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत याहून शहाणी भूमिका घेतली गेली होती: यंत्रसुधारणा करावी, पण कोणालाही कामावरून काढू नये; लाभाची न्याय्य वाटणी व्हावी; आणि कामाचा भार दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी ठरवावा. सरकार, मालक आणि संघटना या तिघांनी मान्य केलेल्या या अटी पुढे कोणी आग्रहाने मागितल्याच नाहीत. १९७६ साली घटनेत ४३-क हे कलम आले, व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरले, आणि तेही पुस्तकातच राहिले. कारखाना समित्या उपाहारगृहाच्या चहापुरत्या उरल्या, याचा दोष केवळ मालकांचा नाही.

यंत्रमाग केंद्रांत मजुरीवाढीचे करार वेळोवेळी होतात, मोडतात, पुन्हा होतात. त्या करारांत आजवर पिकांचा दर आणि बोनस एवढेच लिहिले गेले. पुढच्या बोलण्यांत कार्यकर्त्यांनी यंत्राचे कलम आणावे. अनुदान घेऊन मागाला थांबते साधन बसविले, तर त्यामुळे वाचलेल्या कापडाचा आणि वाढलेल्या उत्पादनाचा ठरलेला हिस्सा मीटरच्या दरात मिळावा. मागांची संख्या वाढविण्यापूर्वी पाळी आठ तासांची करावी. त्या मागावर आज काम करणारा माणूस त्याच कारखान्यात हजेरीपटावर चढावा. आणि साधन कोणते घ्यावे, कोठे बसवावे हे ठरविताना जॉबर व कामगार यांचे प्रतिनिधी बैठकीत असावेत. खर्चीवाल्यांच्या संघटनाही या बोलण्यांत बोलवाव्यात, कारण व्यापाऱ्याने खर्चीचा दर वाढविल्यावाचून त्यांना यातले काहीच परवडणारे नाही, आणि तो व्यापारी आजवर कोणत्याही कराराच्या टेबलाशी बसलेला नाही.